वाकडे, फाकांचे, चुण्याचुण्यांचे टोमॅटो: आकार बियाणात असतो की हवेत?

हिरवी_गच्ची (पुणे) | ४ ऑगस्ट
मंडळी, सहा वर्षं गच्चीवर टोमॅटो लावतेय. गेल्या डिसेंबरात एका झाडाला एक विलक्षण फळ धरलं. चार टोमॅटो एकमेकांना बिलगून बसावेत तसं. देठापासून खोल खाचा, बुडाशी टाके घातल्यासारखी तपकिरी रेघ आणि एका बाजूला चक्क नाक! (फोटो सोबत जोडलाय.) त्याच झाडाची बाकीची फळं मात्र गुळगुळीत गोल होती. चवीला फरक नव्हता. मी त्या वाकड्या फळाचं बी धुऊन, वाळवून ठेवलंय.

तेव्हापासून या वेड्यावाकड्या टोमॅटोंनी मला झपाटलंय. इटलीचा भोपळ्यासारख्या फाका असलेला कोस्तोलुतो जेनोव्हेझे, बैलाच्या काळजासारखा ऑक्सहार्ट, मेक्सिकोचा झालरीचा झापोटेक... रात्र रात्र फोटो बघते. गेल्या वर्षी ऑक्सहार्टचं म्हणून एक पाकीट ऑनलाइन मागवलं. १० बिया, ७ उगवल्या, तीन महिने जोपासना केली आणि लागले काय तर बोराएवढे चेरी टोमॅटो. फार वाईट वाटलं.

माझे प्रश्न:
१) त्या वाकड्या फळाच्या बियांना वाकडीच फळं येतील का?
२) आपल्या हवेत या जुन्या परदेशी जाती कुणी खरोखर वाढवल्या आहेत का?
३) खात्रीचं बी कुठून मिळवायचं?

बागुलबुवा | ४ ऑगस्ट
नाकवाल्याचा फोटो लेकीला दाखवला. तिने त्याचं नाव ‘टोमॅटोबा’ ठेवलंय आणि त्याला भाजीत टाकायला सक्त मनाई केली आहे.

रोपवाटिका_नाना (नारायणगाव) | ५ ऑगस्ट
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही येणार. एकाच झाडावर एक फळ वाकडं आणि बाकीची गोल, म्हणजे तो थंडीचा प्रताप. कळी अगदी बारीक असताना रात्री १२-१३ अंशांच्या खाली गेल्या की फुलाचे भाग नीट सुटे होत नाहीत. तुमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात तशा रात्री असतातच. या वर्षी फुलं आली की पाकळ्या मोजा. साध्या फुलाला पाच-सहा असतात. एखादं फूल मोठं, चपटं, झेंडूसारखं दिसेल आणि त्याला बारा-पंधरा पाकळ्या असतील. ती एकमेकांत मिसळलेली दोन-तीन फुलं. त्याचंच पुढे तुमचं नाकवालं फळ होतं. मोठ्या फळांच्या जातीत पहिल्या घोसात हे हमखास दिसतं.

दुसरं, ते झाड संकरित असेल तर त्याच्या बियांपासून पुढच्या पिढीत फळं सारखी येणारच नाहीत, कुठली कशी, कुठली कशी. बी धरायचं तर सरळ वाण हवा, म्हणजे ज्याच्या बियांना पुढेही तशीच फळं येतात असा. आमच्या बाजारात व्यापारी क्रेटमध्ये नीट बसणारा, जाड सालीचा, एकसारखा गोल माल मागतो. तो दूरच्या बाजारात पोचायचा असतो. म्हणून फाकांचा टोमॅटो शेतातून गेला. तो चवीला कमी होता म्हणून नव्हे.

जनुकवेडी | ५ ऑगस्ट
नानांच्या म्हणण्यात थोडी भर घालते, मी वनस्पतीशास्त्र शिकवते. टोमॅटो आडवा कापा आणि आतले कप्पे मोजा. रानटी टोमॅटोला दोनच कप्पे असतात. माणसाने हजारो वर्षं निवड करता करता कप्पे वाढवले आणि फळ मोठं झालं. हे कप्पे वाढवणारे जनुकीय बदल माहीत आहेत, त्यांपैकी दोन महत्त्वाचे म्हणजे फॅसिएटेड आणि लोक्यूल नंबर. लांबट आकारामागे सन नावाचा जनुक, तर नासपतीसारख्या मानेच्या आकारामागे ओव्हेट नावाचा. कोस्तोलुतोच्या प्रत्येक फळाला फाका असतात, कारण त्याच्या बियाणातच जास्त कप्प्यांचा हुकूम लिहिलेला आहे. हिरवी_गच्ची, तुमच्या नाकवाल्या फळाला थंडीने घडवलं, त्याच्या बियांना त्याचा पत्ताही नाही.

पण ते बी फेकू नका. लावा आणि स्वतः बघा.

जर्सीकर (न्यू जर्सी) | ६ ऑगस्ट
माझ्या परसात आत्ता या जातींचा हंगाम भरात आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

ब्रँडीवाइन: पानं बटाट्यासारखी, कडा सलग. फळ गुलाबी, अर्धा किलोचं सहज भरतं. पण रोप लावल्यापासून ८०-१०० दिवस वाट बघायला लावतो आणि झाडाला फळं मोजकीच. पहिलं फळ कापून नुसतं मीठ लावून खाल्लं तेव्हा आजोळच्या विहिरीवरच्या टोमॅटोची चव आठवली. पंचवीस वर्षांत इथल्या दुकानातल्या टोमॅटोने ती कधी दिली नव्हती.

चेरोकी पर्पल: जांभळट तपकिरी, खांदे हिरवे. क्रेग लेहुलियर नावाच्या बियाणेवेड्या माणसाला १९९० मध्ये टेनेसीहून पत्रासोबत याचं बी आलं. चेरोकी लोकांकडून आलेलं, शंभर वर्षांचं बी, असं पत्रात होतं. नाव त्यानेच ठेवलं. एका पाकिटातून आज जगभर!

आणि हिरवी_गच्चीताईंसाठी खास, राइजेटोमाटे. जर्मन नाव, अर्थ प्रवासाचा टोमॅटो. दहा-पंधरा चेरी टोमॅटो एकाच देठावर वितळून एक झालेत असं वाटतं. सुरीच लागत नाही. लसणाच्या पाकळीसारखी एकेक गाठ हाताने तोडून खायची, बाकीचा टोमॅटो सांडत नाही. चव आंबट आहे, गोडाची अपेक्षा ठेवू नका. माझी नात शाळेच्या डब्यात नेते.

हिशोबी_माळी | ६ ऑगस्ट
मी जरा विरोधात बोलतो. २० लिटरची कुंडी, चांगली माती, गांडूळखत, सहा फुटी बांबू, चार महिने पाणी. एवढं करून झाडाला आठ-दहा फळं? त्याच कुंडीत साधं संकरित रोप लावलं तर तीन-चार किलो मिळतात. शिवाय या जातींना रोगप्रतिकार नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक बघा. लीफ कर्ल (पानं मुरडणारा विषाणूरोग), मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना टक्कर देतो. गच्चीत जागा चार कुंड्यांची. तिथे हौस परवडत नाही.

हिरवी_गच्ची | ६ ऑगस्ट
हिशोबी_माळी, तुमचं गणित बरोबर आहे. माझ्याही दोन कुंड्यांत संकरितच असतात, रोजच्या आमटीसाठी. पण किलोच हवे असतील तर मी मंडईत जाते. जो टोमॅटो मंडईत मिळतच नाही तो गच्चीवर नको का?

सुगरण_नंदा | ७ ऑगस्ट
स्वयंपाकघरातून एक मत. फाकांचे टोमॅटो साराला सगळ्यात उत्तम. बहिणीकडे मिलानला महिनाभर होते, तिथे बाजारातून कोस्तोलुतो आणायचे. चिरायला अवघड, खाचेत माती अडकते, म्हणून आधी पाच मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचे. पण उकळत्या पाण्यात टाकले की पाच मिनिटांत विरघळतात आणि सार असं दाट होतं की नारळाचं दूध निम्मंच पुरतं. जिऱ्याची फोडणी, कढीपत्ता, चिमूटभर गूळ. तिथे कढीपत्ता मिळाला नाही हे सोडलं तर तसं सार मी परत केलेलं नाही.

आतून पोकळ जाती असतात त्या भरल्या टोमॅटोला. भोपळी मिरचीसारख्या. बिया मधल्या गाठीला चिकटलेल्या, ती काढली की वाटी तयार.

वऱ्हाडी_ठेचा (आर्वी, जि. वर्धा) | ७ ऑगस्ट
मी कवाचा वाचून राह्यलो. इटली झाली, मेक्सिको झालं, जर्मनी झाली. अन् आमचं भेदरं कोनाले आठवलं नाही?

आमच्या इकडे टमाट्याले भेदरं म्हणते. आताचे लोक कोणत्याबी टमाट्याले म्हणते, पण माही आजी फक्त गावरानीले म्हने. चपटं, लहान संत्र्याएवढं, अन् वरून खालपर्यंत आठ-दहा फाका. देठापाशी खोल खड्डा. साल इतकी पातळ का तोडल्यावर दुसऱ्या दिवशी राहत नाही. आंबट म्हनजे कसं, चिंचीची गरज नाही. आजी तुरीच्या धुऱ्यावर, म्हनजे बांधावर, चार-पाच झाडं लावे. आधार नाही, काही नाही, भुईवर पसरून राहे. सकाळी शेतात जाऊन निखाऱ्यावर भाजायचे, हिरवी मिरची, लसूण, मीठ, अन् जवसाचं कच्चं तेल. ज्वारीच्या भाकरीसंगं. ताई, तुमी जे वाकडं टमाटं फोटोत पाहून राह्यल्या ते आमच्या धुऱ्यावर होतं.

आमच्या घरी अजून हाये. मायने बी सोडलं नाही.

हिरवी_गच्ची | ७ ऑगस्ट
वऱ्हाडी_ठेचा, हे वाचून मी उठून उभीच राहिले. फोटो टाका ना हो!

शब्दवेल्हाळ | ८ ऑगस्ट
थोडं विषयांतर. जुन्या मराठीत टोमॅटोला बेलवांगी असंही म्हणत. कोशांत सापडतं. वांग्याचं आणि टोमॅटोचं कुळ एकच. जुन्या लोकांनी ते पानाफुलांवरून ओळखलं असावं आणि म्हणून नावात वांगं आलं असावं. माझी पणजी ‘वेलवांगी’ म्हणायची. तिच्या बोलण्यातलं वेलवांगं फाकांचंच असायचं, ती हाताची पाचही बोटं वाकवून आकार दाखवायची.

रोपवाटिका_नाना | ८ ऑगस्ट
वऱ्हाडीभाऊ, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. ऐंशीच्या दशकापर्यंत आमच्याकडेही होता हा. आम्ही त्याला गावठी म्हणायचो. वडील आठवडी बाजारात पाटीत पाला घालून न्यायचे, संध्याकाळपर्यंत विकला नाही तर त्याचं पाणी व्हायचं. संकरित आल्यावर दोन-तीन वर्षांत आम्ही लावणं सोडलं आणि बी ठेवायचं कुणाला सुचलं नाही. हे मला आज फार लागतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, गावरान बी घराघरांतून गोळा करून जपलं म्हणून. वाल, घेवडे, भात, भाज्या. आपण निदान आपल्या घरातलं एक तरी जपावं.

हिरवी_गच्ची, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: भेदरं मिळालं तर सोनंच. नाहीतर पुसा रुबी घ्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना सरळ वाण आहे, फळ चपटं आणि हलक्या फाकांचं, बी स्वस्त आणि घरचं धरता येतं.

जर्सीकर | ९ ऑगस्ट
मी ताईंना राइजेटोमाटेचं बी लिफाफ्यात घालून पाठवणार होतो. पाठवू का?

जनुकवेडी | ९ ऑगस्ट
नको, कृपया नको. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि तिथल्या खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हे नियम कागदासाठी नाहीत. टोमॅटोचे काही विषाणू बियांच्या सालीवरून प्रवास करतात. एका पाकिटाने नाशिक-जुन्नरच्या शेतांना धोका होऊ शकतो.

जर्सीकर | ९ ऑगस्ट
बरोबर. लक्षात आणून दिलंत, आभार. बी इथेच ठेवतो, फोटो पाठवतो.

कोकणातली_वाडी (संगमेश्वर) | १० ऑगस्ट
आमच्या तांबड्या मातीत टोमॅटोचं मोठं दुखणं म्हणजे मर. सकाळी झाड हिरवंगार, दुपारी माना टाकलेल्या, तिसऱ्या दिवशी संपलं. पानं पिवळीही पडत नाहीत. खात्री करायची असेल तर बुडाजवळची फांदी तिरकी कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरा. दोन-चार मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखे धागे खाली सुटताना दिसले की समजायचं, जिवाणू आहे. ते झाड मातीसकट काढा, त्या जागी वांगं-मिरचीही लावू नका.

मी आता मरीला दाद न देणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम करतो. दोन्ही रोपं पेन्सिलीच्या शिशाएवढी असताना तिरका काप, क्लिप, आणि आठवडाभर पारदर्शक डब्याखाली सावलीत. दहातली सहा-सात जगतात. जुन्या नाजूक जातींना आमच्याकडे हाच मार्ग आहे.

हिशोबी_माळी | १० ऑगस्ट
कलमाचं तंत्र आवडलं. याचे फोटो टप्प्याटप्प्याने टाकाल का? भेदऱ्याबद्दल वाचल्यावर मी माझ्या चारातली एक कुंडी मोकळी करायला तयार आहे. एकच.

वऱ्हाडी_ठेचा | ११ ऑगस्ट
मायले दाखवला धागा. तिने गाडग्यातून पुडी काढली. राखीत मिसळून ठेवलेलं बी हाये, गेल्या साली धरलेलं. ज्याले पायजे त्यानं निरोप करा, पोस्टानं पाठवतो. एकाले वीस बिया. मायची एकच अट: लावणाऱ्यानं पुढच्या साली दोघाले द्याव्या.

हिरवी_गच्ची | २ सप्टेंबर
बी २२ ऑगस्टला पोचलं. राखाडी, केसाळ, अगदी चपटं. २५ तारखेला कोकोपीट आणि गांडूळखतात पेरलं. वीसपैकी सतरा उगवल्या! नाकवाल्याचंही शेजारच्या ट्रेमध्ये पेरलंय, बारापैकी अकरा.

रोपवाटिका_नाना | २ सप्टेंबर
रोपं वीतभर झाली की लावा, आणि लावताना खालची दोन पानं काढून देठ खोल पुरा. पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. पांढरी माशी येईल, तीच लीफ कर्ल पसरवते, म्हणून पिवळे चिकट सापळे आधीच टांगा. आली की मग धावपळ करून लीफ कर्ल परत जात नाही. पाणी रोज ठराविक. एक दिवस कोरडं, एक दिवस महापूर असं झालं तर बूड काळं पडतं. मातीत कॅल्शियम असूनही फळापर्यंत पोचत नाही.

जनुकवेडी | ३ नोव्हेंबर
फुलं आली असतील तर एक सांगायचं राहिलं. टोमॅटो बहुधा स्वतःच्याच परागाने फळतो, पण फाकांच्या जातींचं फूल रुंद असतं आणि मधला स्त्रीकेसराचा दांडा कधी कधी बाहेर डोकावतो. तिथे मधमाशी शेजारच्या संकरिताचा पराग आणू शकते. बियांसाठी एक घोस राखून ठेवा आणि कळ्या उमलायच्या आत त्यावर जाळीचा बटवा बांधा. हळदीकुंकवाला मिळतात ना, ऑर्गंझाचे, तेच. रोज सकाळी दहाच्या सुमारास काठीला हलकी टिचकी मारा. फळं धरली की बटवा काढून देठाला लोकरीचा धागा बांधून खूण करा.

हिरवी_गच्ची | २८ डिसेंबर
निकाल घेऊन आलेय.

नाकवाल्या फळाच्या बियांची चार झाडं ठेवली होती. एकाची फळं गोल, दोघांची अंडाकृती, एकाची गोल पण बरीच लहान. नाक एकालाही नाही. नाना आणि जनुकवेडी, दोघंही बरोबर ठरलात.

आणि भेदरं! पाच झाडं, पाचांवर प्रत्येक फळ फाकांचं. आठ, नऊ, एकाला अकरा फाका. पहिल्यांदा हिरवी असताना तर लहान डांगरच वाटली. बुधवारी सकाळी पहिलं पिकलं. देठाशी बोट लावलं तर नुसत्या वजनाने हातात आलं. गॅसवर जाळी ठेवून भाजलं, साल आपोआप सुटली, आतून पाणी सुटून जाळीवर चर्र झालं. जवसाचं तेल आणलं होतंच. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “हा आमच्या तळ्याकाठचा टोमॅटो आहे.” त्या परांड्याच्या. पन्नास वर्षांनी खाल्ला म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

कोस्तोलुतो मला अजूनही हवाय. पण आता घाई नाही.

हिशोबी_माळी | २८ डिसेंबर
माझ्या एका कुंडीत आजपर्यंत २३ फळं, एक किलो ९०० ग्रॅम. संकरितापेक्षा कमी. पुढच्या वर्षी दोन कुंड्या.

वऱ्हाडी_ठेचा | २९ डिसेंबर
मायले वाचून दाखवलं. सासूबाईचं दोनदा वाचाले लावलं.

नवखी_माळीण | २९ डिसेंबर
बी धरायची पद्धत कुणी सविस्तर सांगेल का? मी थेट कागदावर पसरून वाळवते, सगळं चिकटून बसतं.

रोपवाटिका_नाना | ३० डिसेंबर
पूर्ण पिकलेलं, खुणेचं फळ घ्या. बिया रसासकट काचेच्या बरणीत काढा, थोडं पाणी, तोंडाला फडकं. दोन-तीन दिवस सावलीत. वर पांढरी साय धरते आणि आंबूस वास येतो, म्हणजे बियांवरचा बुळबुळीत थर सुटला. जास्त ठेवू नका, बरणीतच मोड फुटतात. भरपूर पाणी घालून ढवळा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं ते ओतून द्या. गाळणीत धुऊन चिनी मातीच्या बशीत किंवा स्टीलच्या ताटात पसरा, कागदावर नको. सावलीत आठवडाभर, रोज बोटाने हलवायचं. कोरड्या जागी चार-पाच वर्षं सहज टिकतं. एका झाडाचं नका घेऊ, चार-पाच झाडांचं एकत्र करा.

हिरवी_गच्ची | १२ जानेवारी
नानांच्या पद्धतीने बी तयार झालं. परवा संक्रांत. दरवर्षी हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटायचे, या वर्षी तिळगुळासोबत भेदऱ्याच्या बियांची पाकिटं.

शब्दवेल्हाळ | १२ जानेवारी
म्हणजे वाणात वाण! मराठीने हा शब्द जणू याच दिवसासाठी राखून ठेवला होता.

कोकणातली_वाडी | १२ जानेवारी
किती पाकिटं केलीत? एक संगमेश्वरला पाठवाल का? वांग्याचे खुंट तयार आहेत.

हिरवी_गच्ची | १२ जानेवारी
३४ झालीत, प्रत्येकात वीस बिया. तुमचं बाजूला काढून ठेवलं. पाकिटावर हाताने लिहिलंय: ‘भेदरं. आर्वीच्या मायकडून. ऑगस्टअखेर पेरावे. पुढच्या वर्षी दोघांना द्यावे.’

वऱ्हाडी_ठेचा | १३ जानेवारी
माय म्हणते, ‘जवसाचं तेल’ बी लिहा त्याच्यावर.